मागून बसलेली गाडी: पाटे बदलायचे, सेट करायचे की माल कमी करायचा?



छोटा व्यवसाय सुरू करताना बरेच जण पहिली गाडी जुनीच घेतात, आणि त्यात काही चुकीचं नाही. मारुतीची व्हॅन १९८४ मध्ये आली, पुढे तिचं नाव ओम्नी झालं आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तरी आजही पाण्याचे जार, भाजी, डबे, बेकरीचा माल आणि मंडपाचं सामान वाहणाऱ्या ओम्नी जागोजागी दिसतात. भाग मिळतात, मिस्त्री मिळतात आणि किंमत आवाक्यातली असते.

या गाड्यांची एक ठरलेली तक्रार असते: "गाडी मागून बसली आहे." मागचा भाग खाली, नाक वर. रात्री समोरचे लोक लाईट मारून शिव्या देतात, कारण तुमच्या हेडलाईटचा झोत त्यांच्या डोळ्यांत जातो. खड्डा आला की मागून 'धाड' असा आवाज येतो. तीन गॅरेजमध्ये विचारलं तर तीन उत्तरं मिळतात. एक म्हणतो शॉकअप बदला, दुसरा म्हणतो पाटे सेट करून घ्या, तिसरा म्हणतो एक पाटा वाढवून टाका.

व्हिडिओमध्ये आपण गाडीखाली काय दिसतं ते पाहिलं. आता निर्णय कसा घ्यायचा ते आकडे मांडून शिकू. कारण ही दुरुस्ती जितकी मिस्त्रीची आहे, तितकीच तुमच्या हिशेबाच्या वहीचीही आहे.

१. आधी समजून घ्या: वजन कोण उचलतं?

ओम्नीच्या मागच्या बाजूला आडवा एक्सल असतो आणि तो दोन बाजूंच्या कमानपाट्यांवर बसवलेला असतो. एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्या मधोमध सेंटर बोल्टने एकत्र धरलेल्या असतात आणि यू-बोल्टने एक्सलला आवळलेल्या असतात. पाट्याचं एक टोक चेसिसला पक्कं असतं. दुसरं टोक शॅकलवर झुलतं, कारण भार आला की पाटा सरळ होतो आणि त्याची लांबी थोडी वाढते.

गाडीची उंची हे पाटेच सांभाळतात. शॉकअपचं काम वेगळं आहे. पाटा दबून वर आला की तो झुलत राहू नये म्हणून शॉकअप त्याला आवरतो. साधा शॉकअप वजन उचलत नाही. त्यामुळे उभी असलेली गाडी मागून बसली असेल, तर नुसते शॉकअप बदलून ती वर येणार नाही. पहिल्या गॅरेजचा सल्ला इथेच तपासून घ्यायचा. शॉकअप खराब असू शकतो, पण तो दुसरा आजार आहे.

अल्टो, वॅगनआर, ईको अशा गाड्यांत मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग असते. तिथेही नियम हाच: उंची स्प्रिंग धरते, शॉकअप हेलकावे थांबवतो.

२. मोजल्याशिवाय पैसे खर्च करायचे नाहीत

गाडी पूर्ण रिकामी करा. चारही टायरमध्ये कंपनीने सांगितली आहे तेवढी हवा भरा. सपाट जागेवर उभी करून मागचा भाग दोन-तीन वेळा दाबून सोडा, म्हणजे पाटे आपापल्या जागी बसतील. आता टेप घ्या. मागच्या चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ उभं अंतर मोजा. डावीकडे मोजा, उजवीकडे मोजा, वहीत लिहा. जमिनीपासून मोजायचं नाही, कारण टायरची हवा आणि झीज त्यात मिसळते.

आता वाचन असं करा:

- एका बाजूचं माप दुसऱ्या बाजूपेक्षा एक-दीड सेंटिमीटरहून जास्त कमी असेल, तर त्या बाजूचा पाटा तुटलेला, सरकलेला किंवा थकलेला असण्याची शक्यता मोठी.
- दोन्ही बाजू सारख्याच खाली असतील, तर दोन्ही पाट्यांची कमान उतरली आहे. अंदाज घ्यायला त्याच मॉडेलची एखादी धडधाकट गाडी शोधून तिचं माप घ्या.
- रिकामी गाडी ठीक उभी राहते आणि माल चढवल्यावरच बसते, तर गाडीपेक्षा मालाचा हिशेब आधी तपासा.

शॉकअपची परीक्षा वेगळी. मागचा कोपरा जोरात दाबून सोडा. गाडी वर येऊन लगेच स्थिर व्हायला हवी. दोन-तीन वेळा झुलली, किंवा शॉकअपवर तेल ओघळलेलं दिसलं, तर तो संपला.

खाली वाकून पाहायच्या गोष्टी: पाट्याला तडा आहे का, पट्ट्या एकमेकींवरून बाजूला सरकल्यात का, यू-बोल्ट सैल आहेत का, शॅकलचे बुश खाल्लेत का, आणि एक्सलवरच्या रबरी बफरवर आपटल्याच्या ताज्या खुणा आहेत का. सेंटर बोल्ट तुटला असेल तर एक्सल पुढे-मागे सरकू शकतो. मग सरळ रस्त्यावरही गाडी तिरकी चालल्यासारखी दिसते. अशी गाडी मालासह रस्त्यावर काढायचीच नाही.

आणि एक पक्का नियम: नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरायचं नाही. पुढच्या चाकांना दगड किंवा ठोकळे लावा, चेसिसखाली मजबूत स्टँड द्या, मगच खाली बघा. पाटे आणि कॉइल खोलण्याचं काम मात्र मिस्त्रीलाच द्या. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये मोठी ताकद साठलेली असते.

३. पाटा का बसतो?

तीन कारणं सहसा एकत्र येतात.

पहिलं, वय आणि गंज. पट्टीचा कडकपणा तिच्या जाडीच्या घनावर अवलंबून असतो. म्हणजे गंजाने पट्टी १० टक्के पातळ झाली, तर कडकपणा ०.९ × ०.९ × ०.९ = सुमारे ०.७३ उरतो. दिसायला थोडासा गंज, पण त्या पट्टीची पाव ताकद गेली.

दुसरं, सतत जास्त भार. पोलाद एका मर्यादेपर्यंत वाकून परत येतं. रोज त्या मर्यादेजवळ नेलं की हळूहळू कमान उतरते.

तिसरं कारण बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: माल कुठे ठेवला. ओम्नीच्या दोन एक्सलमधलं अंतर १८४ सेंटिमीटर आहे. १०० किलो माल बरोबर मधे ठेवला तर मागच्या एक्सलवर ५० किलो येतात. तोच माल मागच्या एक्सलच्या ४६ सेंटिमीटर पुढे ठेवला तर ७५ किलो. आणि मागचं दार उघडून, उतरवायला सोपं म्हणून एक्सलच्या ४० सेंटिमीटर मागे ठेवला, तर १०० × २२४ ÷ १८४ = जवळजवळ १२२ किलो! वरचे २२ किलो पुढच्या चाकांवरून उचलले गेले. म्हणून नाक वर जातं, स्टेअरिंग हलकं लागतं आणि पुढची पकड कमी होते.

हॅचबॅक गाडीत नंतर सीएनजी बसवला असेल तरी हेच होतं. लोखंडी सिलिंडरचं वजन कायम डिकीत बसलेलं असतं, रात्री गाडी उभी असतानासुद्धा.

४. दुरुस्तीचे पर्याय

पाटे सेट करणे. पाटे खोलून ठोकून पुन्हा कमान आणतात. स्वस्त आणि लवकर होणारं काम. पण थकलेलं पोलाद थकलेलंच राहतं, त्यामुळे काही महिन्यांत गाडी पुन्हा बसू शकते. भट्टीत लाल करून वाकवणार असतील तर विचारा, "नंतर पाणी-पान कसं देणार?" अंदाजाने तापवून तसंच थंड केलेलं पोलाद एकतर मऊ पडतं किंवा ठिसूळ होतं. ठिसूळ पाटा बसत नाही, तो तुटतो.

एक पाटा वाढवणे. कडकपणा वाढतो, गाडी वर येते. पण रिकामी गाडी उड्या मारते आणि नाजूक माल असेल तर फुटतो. जाडी वाढल्यावर जुने यू-बोल्ट आखूड पडतात. नट पूर्ण बसत नसेल तर ते काम स्वीकारू नका.

नवीन पाट्यांचा जोड. दोन्ही बाजूंचे एकदम बदलायचे. एकच बदलला तर गाडी एका अंगाला कलते. सोबत नवीन यू-बोल्ट, सेंटर बोल्ट आणि बुश घ्या. जुना यू-बोल्ट एकदा ताणला गेलेला असतो, तो पुन्हा वापरून वाचणारे पैसे फार थोडे असतात. बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी स्वतःच्या चाकांवर उभी हवी. हवेत लटकलेली असताना आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पाच-सातशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा तपासून घ्या.

कॉइलच्या गाडीत रबरी बफर. कॉइलच्या वेढ्यांमध्ये रबर अडकवतात. गाडी थोडी उचलते, पण अडकलेले वेढे काम करत नाहीत आणि बाकीच्यांवर ताण वाढतो. दोन-चार महिने ढकलायला ठीक. कायमचा उपाय म्हणजे नवीन कॉइलचा जोड.

एक महत्त्वाची गोष्ट. काही गाड्यांत मागच्या एक्सलला जोडलेला ब्रेकचा एक व्हॉल्व्ह असतो, लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. मागचा भाग किती दबला यावरून तो मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. पाटे वाढवून गाडी वर उचलली की व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. मग भरलेल्या गाडीत मागचा ब्रेक कमी लागतो. तुमच्या गाडीत असा व्हॉल्व्ह आहे का ते मिस्त्रीला विचारा आणि असेल तर काम झाल्यावर तो सेट करून घ्या.

५. आता वही काढा

समजा एक ताई मालवाहू नोंदणीच्या ओम्नीतून २० लिटरचे पाण्याचे जार पुरवतात. एका फेरीत २८ जार, दिवसाला दोन फेऱ्या, म्हणजे ५६ जार. जारमागे सुटतात १५ रुपये, म्हणजे ८४० रुपये. एका फेरीचं पेट्रोल ९० रुपये, दोन फेऱ्यांचे १८०. हातात राहिले ६६०. गाडी एक दिवस गॅरेजमध्ये राहिली की हे ६६० बुडाले.

खालचे दर उदाहरणासाठी आहेत. तुमच्या गावातले आकडे घालून हाच हिशेब करा.

महिन्याचा खर्च = (भाग + मजुरी + बुडालेली कमाई) ÷ किती महिने टिकेल

- पाटे सेट करणे: (२,५०० + ६६०) ÷ ५ = ६३२ रुपये
- एक पाटा वाढवणे: (४,००० + ६६०) ÷ १२ = सुमारे ३८८ रुपये
- नवीन जोड: (९,००० + ६६०) ÷ ३६ = सुमारे २६८ रुपये

बिल बघितलं तर पहिला पर्याय सगळ्यात स्वस्त. महिन्याचा खर्च बघितला तर तोच सगळ्यात महाग! पण थांबा. ताई सहा महिन्यांत ही गाडी मोडीत काढणार असतील तर नवीन जोडाला ३६ ने भागता येणार नाही, ६ ने भागावं लागेल. ९,६६० ÷ ६ = १,६१० रुपये. तेव्हा जोड महाग पडतो. म्हणून मिस्त्रीला विचारण्याआधी स्वतःला विचारा: ही गाडी मी अजून किती दिवस ठेवणार आहे?

६. खरा प्रश्न: २८ जार की २०?

नवीन पाटे टाकले आणि माल तेवढाच राहिला, तर ३६ महिन्यांचा हिशेब कागदावरच राहील.

ताईंनी आरसी बुक उघडलं. समजा त्यात रिकाम्या गाडीचं वजन ८०० किलो आणि भरलेल्या गाडीची मर्यादा १,३५० किलो आहे. फरक ५५० किलो. त्यातून चालक आणि मदतनीस यांचे १२५ किलो वजा केले. उरले ४२५. २० लिटर पाण्याचे २० किलो आणि रिकाम्या जारचं साधारण एक किलो, म्हणजे भरलेला जार सुमारे २१ किलो. बसतात २० जार, ४२० किलो. ताई नेतात २८ जार, ५८८ किलो. रोज, प्रत्येक फेरीला, १६३ किलो जास्त.

म्हणजे पाटे खराब निघाले असं नाही, त्यांच्याकडून नेमून दिलेल्यापेक्षा जास्त काम करून घेतलं गेलं. आणि इथे पाटा वाढवण्यातला धोका कळतो. गाडी सरळ उभी राहते, म्हणून वाटतं क्षमता वाढली. पण ब्रेक तेच, बेअरिंग तेच, टायर तेच, चेसिस तीच. टायरच्या बाजूला भाराचा आकडा असतो, उदाहरणार्थ ७४ म्हणजे त्या टायरची मर्यादा ३७५ किलो. पाटा वाढवून तो आकडा बदलत नाही. आरसीवरची मर्यादाही बदलत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर जास्त भारासाठी २०,००० रुपये दंड आहे, त्यावर जादा भाराच्या दर टनामागे २,००० रुपये, शिवाय जादा माल उतरवून ठेवण्याचा खर्च तुमचा.

मग २० जार नेले तर धंदा बुडेल का? हिशेब करू.

तीन फेऱ्या × २० = ६० जार. ६० × १५ = ९००. पेट्रोल २७०. हातात ६३०. आधी होते ६६०. दिवसाला ३० रुपये कमी, २६ दिवसांचे ७८० रुपये.

आता दुसरी बाजू. जास्त भाराखाली नवीन जोड ३६ ऐवजी १० महिन्यांतच बसला, असं धरा. ९,६६० ÷ १० = ९६६ रुपये महिना. २६८ च्या जागी ९६६, म्हणजे ६९८ रुपये जास्त. ७८० पैकी ६९८ पाट्यांतच परत आले! टायरची झीज, ब्रेक आणि दंडाची भीती यात धरलेलीच नाही. उतारावर, पावसात, समोर शाळेची मुलं रस्ता ओलांडत असताना गाडी कुठे थांबेल, याचा हिशेब तर वहीत मांडताच येत नाही.

हो, तिसऱ्या फेरीला वेळ लागतो आणि चार जारांचं नवीन गिऱ्हाईक शोधावं लागतं. पण गिऱ्हाईक शोधणं हे उद्योजकाचं काम आहे. ते काम पाट्यांवर टाकता येत नाही. दुसरा रस्ताही आहे. जवळच्या फेरीत मदतनीस नसेल तर त्याचे साठ किलो वाचतात. ५५० वजा चालकाचे ६५ म्हणजे ४८५ किलो, आणि २३ जारांचे होतात ४८३. मर्यादेत बसतं, मात्र जार उतरवायचे कष्ट एकट्याने करावे लागतील.

७. गॅरेजमध्ये काय बोलायचं?

"किती घेणार?" हा शेवटचा प्रश्न ठेवा. आधी हे विचारा:

1. कोणता पाटा किंवा भाग खराब आहे, मला दाखवता का?
2. जोड बदलताना यू-बोल्ट, सेंटर बोल्ट, बुश दरात धरलेत का?
3. जुने भाग मला परत मिळतील का?
4. गाडी किती वाजता मिळेल? (सकाळी देऊन संध्याकाळी मिळाली तर एकच दिवस बुडतो.)
5. काम झाल्यावर टेपने माप घेऊन देणार का?

पाचवा प्रश्न विचारलात की मिस्त्रीला कळतं, हे गिऱ्हाईक मोजून आलं आहे. चांगला मिस्त्री यावर चिडत नाही, उलट खुश होतो.

गाडी घेऊन आल्यावर हेडलाईटचा झोतही तपासून घ्या. मागचा भाग खाली असताना कुणी लाईट खाली वळवून दिले असतील, तर आता रस्ता दिसणार नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

टेप, आरसी बुक आणि वही घेऊन तीन गोष्टी लिहा. रिकाम्या गाडीची मागची दोन्ही मापं. आरसीवरून काढलेली मालाची मर्यादा, माणसांचं वजन वजा करून. आणि तुमचा रोजचा खरा माल किती किलो आहे तो. अंदाज नको, जवळच्या वजनकाट्यावर जा. आधी अख्खी गाडी तोला, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून तोला. दुसरा आकडा सांगेल की तुमच्या पाट्यांवर रोज किती ओझं बसतं. तो जास्त आला तर आधी माल पुढे सरकवून पुन्हा तोला. यासाठी दमडीही लागत नाही.

जुनी गाडी विकत घेणार असाल तर हीच टेप सोबत न्या. दोन बाजूंच्या मापांत फरक आला, तर नवीन जोडाचा खर्च विक्रेत्यासमोर मांडा आणि तेवढी किंमत कमी करायला सांगा.

पुढच्या पाठात याच गाडीच्या टायरचा खर्च किलोमीटरमागे कसा काढायचा ते पाहू. तोपर्यंत मोजा, लिहा आणि मगच खर्च करा. शुभेच्छा!